परदेसाची पाव्हनी

वाढप्याने दुसऱ्यांदा बुंदी फिरवली आणि समोरच्या ओळीतून शांताबाईंनी सूर लावला. आधी त्यांनी तोंडातला घास नीट गिळला, पाण्याचा घोट घेतला, पदर सारखा केला. मग पूनमकडे नाही, पूनमच्या पत्रावळीकडे बघत त्या म्हणाल्या,

"सौसरची पोरगी बाई गेली गोऱ्याच्या गावाले,
तिथं धुते उष्टी भांडी, इथं मिरवते नावाले!"

पांढुर्ण्याच्या वऱ्हाडातल्या बाया खदखदून हसल्या. कोणी वाटीवर बोटांनी ताल धरला. वैशाखातली दुपार होती. मंडपाचं कापड वर तापून कोरडं पडलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यात कूलर घरघरत होते, आणि शांताबाईंचा आवाज त्या घरघरीच्या वर तरंगत होता. जुना, खरखरीत आवाज. जात्याच्या पाळीसारखा गोल फिरून पुन्हा जागेवर येणारा.

शांताबाई म्हणजे नवरदेवाची, केतनची, आई. मघाशी डिंपलच्या गळ्यात माळ पडली आणि त्या या घराच्या ईनबाई, म्हणजे विहीणबाई, झाल्या. डिंपल ही पूनमच्या काकांची, भगवंतरावांची, मुलगी. लॉनच्या एका अंगाला बफे मांडलेला होता, पण शांताबाईंनी आधीच निरोप धाडला होता, "उभ्या उभ्या खायाले आमी का घोडे हावो? इनायची पंगत खालीच बसन." आणि विहिणींची पंगत खाली बसली की गाणं आलंच.

मध्य प्रदेशातल्या या मराठी भागात त्या गाण्याचा एक कायदा आहे. नवरदेवाकडच्या बाया नवरीकडच्या एकीला हेरतात, तिला गाण्यातून एक नाव ठेवतात. पंगत उठायच्या आत तिने गाण्यानेच उत्तर दिलं तर नाव गळून पडतं, दोन्हीकडच्या बाया हसतात, विडा खातात. उत्तर दिलं नाही, तर ते नाव चिकटतं. चिकटतं म्हणजे कायमचं. मोहगावच्या एका मामीला तिच्या नणंदेच्या लग्नात 'अर्धीपोळी' म्हटलं होतं. मामी लाजाळू, ती गप्प राहिली. आता तिला सुना आल्या, नातवंडं आली, तरी गावात पत्ता विचारायचा तर 'अर्धीपोळीचं घर कोन्तं?' असाच विचारावा लागतो. मामीचं खरं नाव पूनमलाही ठाऊक नव्हतं.

"तू नको बोलू हां," शेजारी बसलेली आई ओठ न हलवता म्हणाली. "डिंपलले त्याच घरात नांदाचं हाय."

"मी काय बोलली? जेऊन तं राहिली."

"तुह्ये डोये बोलून राहिले."

पूनम हेरली जाणार हे तिला कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती जर्मनीत लाइपझिगला दुभाष्याचं शिक्षण घ्यायला गेली. जर्मन आधीच येत होती. परवाच ती आली होती. आणि तिच्या पाठीमागे भगवंतरावांनी सोयरीक जुळवताना दर बैठकीत एकच तुणतुणं वाजवलं होतं. संत्र्याच्या बागेवर बोलणं निघालं की, 'आमची पूनम जर्मनीत हाय.' मानपानावर निघालं की, 'आमच्या पूनमले चार भाषा येते.' पांढुर्ण्याच्या लोकांनी ते सगळं गुमान ऐकून घेतलं होतं, आणि आजच्या पंगतीसाठी जपून ठेवलं होतं.

शांताबाईंनी दुसरं कडवं काढलं. आता त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या.

"देस इचा कोन्ता बाई, सांगा मले कोनी,
इकडे पेते माठाचं न् तिकडे बाटलीचं पानी!"

"अव्वा!" पलीकडून एक बाई ओरडली. "सांग ना वं पोरी, कोन्ता देस तुह्या?"

"इचा पासपोट तरी पाहा कोन्या रंगाचा हाय तं!"

पुन्हा हशा. पूनमने मान खाली घातली. समोर वांग्याच्या भाजीवर तेलाचा लाल तवंग आला होता, आणि तिला भूक उरली नव्हती.

कोणता देश. हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी सरळ विचारलाच नव्हता. भोपाळला कॉलेजात मुली म्हणत, आप तो महाराष्ट्र की हो ना. नागपूरला मावशीकडे गेली की गल्लीतली पोरं म्हणत, एमपीवाली आली. लाइपझिगला मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी तिचा गाल ओढला होता, "किती गोड बोलतेस गं, पण ही मराठी नव्हे बरं का." त्यानंतर ती तिथे गेली नाही. प्रत्येक जण तिला उचलून शेजारच्या अंगणात ठेवत होता.

मग एका हिवाळ्यात, ट्राममध्ये, एका म्हाताऱ्याने तिला खांद्याने ढकललं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, जा तुझ्या भारतात. आणि पूनम त्याला अतिशय शुद्ध, अतिशय नम्र जर्मनमध्ये म्हणाली, कृपया माझ्याशी असं बोलू नका. त्या भाषेत तिला विनंती येत होती, आभार येत होते, दिलगिरी येत होती. शिवी कोणी शिकवलीच नव्हती. पुढच्या थांब्यावर ती उतरली, बर्फात उभी राहिली, आणि तिला जाणवलं की हा पहिला माणूस, ज्याने तिला महाराष्ट्र म्हटलं नाही, एमपी म्हटलं नाही. अख्खा देश तिच्या अंगावर फेकला. देश तिला एका शिवीतून मिळाला होता. तिने तो उचलला, झटकला, पांघरला. अंगभर पुरला तो. त्या दिवसापासून कोणी काही विचारलं की ती 'आम्ही' म्हणायला लागली. आम्ही असं खातो. आमच्यात असं असतं.

आणि आता इथे, तिच्या लहानपणच्या सौसरात, एक बाई तेच पांघरूण तिच्या अंगावरून ओढत होती.

"बस झालं न आता, ईनबाई," डिंपलची आई, पूनमची काकू, हसण्याचं सोंग करत म्हणाली. "पोरगी थकून आली हाय."

"इमानात बसून थकली का?" शांताबाई म्हणाल्या. "आमी तं टॅम्पोत उभ्यानं आलो. सूर बी नाही काढला."

बायांनी टाळ्या दिल्या. शांताबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. आता खरं कडवं येणार, नाव येणार, हे दोन्ही ओळींना कळलं होतं. बफेकडचे पुरुषही हातात ताटल्या घेऊन जवळ सरकले.

"आमच्या पंगतीत बसली परदेसाची पाव्हनी,
पोयी मोडता येईना तिले, वाढा काट्याचमच्यानी!"

पाव्हनी. पाहुणी. नाव ठेवलं गेलं.

लहान मुलींनी ते लगेच उचललं. खुर्च्यांच्या मागे उड्या मारत त्या म्हणायला लागल्या, 'पाव्हनी आली, पाव्हनी आली.' पूनमच्या वर्मी बसलं ते. वांगं म्हटलं असतं, काळी म्हटलं असतं, उष्टी भांडी धुणारी म्हटलं असतं, तरी ती हसली असती. भांडी ती धुतच होती, एका कॅफेत, आणि आईला ते माहीत होतं. पण पाहुणी! या नावाला कुठे दारच नव्हतं परत यायला. दर उन्हाळ्यात ती येईल, आणि बसस्टँडवर उतरल्यापासून लोक म्हणतील, पाव्हनी आली. म्हातारी होऊन येईल, तरी म्हणतील.

बोहल्याजवळच्या टेबलावर डिंपल केतनच्या शेजारी बसली होती. हळदीच्या हाताने तिने दुरूनच खूण केली, जाऊ दे. भगवंतराव पंगतीच्या टोकाला उभे होते. त्यांनी तर दोन्ही हात जोडले.

"पूनम बेटा, आयक माह्यं," ते हळूच म्हणाले. "चूप राह्य. तुह्यं काय जाते? तू तं चाल्ली वापस."

ते वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं.

पूनमने पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला. तिच्या आजीने तिला जात्यावर बसवून ओवी कशी बांधायची ते शिकवलं होतं. शेवट आधी ठरव, मग सुरुवात शोध, आजी म्हणायची. लाइपझिगच्या वर्गात तिने कितीदा याच रीतीने वाक्यं जुळवली होती. आता ती शेवट शोधत होती, आणि तिला पांढुर्ण्याची नदी दिसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा बांधतात, आणि एका थडीला पांढुर्णा, दुसऱ्या थडीला सावरगाव, असे दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, ॲम्ब्युलन्सा धावतात, झेंडा निघतो, देवीला जातो. पूनमच्या वडिलांनी तिला तिथे कधी जाऊ दिलं नव्हतं. पण लाइपझिगला एका मुलाने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ शोधून वर्गाच्या पडद्यावर लावला. हे तुझं गाव ना? वर्ग हसला. पूनम उभी राहिली, तिचे कान तापले होते, आणि तिने त्या परक्या भाषेत त्या दगडांची बाजू घेतली. एका थडीचा मुलगा आणि दुसऱ्या थडीची मुलगी, पळून जाताना नदीत सापडली, दोन्हीकडून दगड आले, दोघं पाण्यातच गेली, त्यांची आठवण म्हणून आम्ही हे करतो. आम्ही, म्हणाली ती. इतकं सुंदर करून सांगितलं तिने की हसणारा मुलगा गप्प झाला. तिने कधी न पाहिलेल्या नदीसाठी ती त्या दिवशी भांडली होती.

आज तीच नदी तिने दुसऱ्या हाताने उचलली.

"आयका मंग ईनबाई," ती म्हणाली. आईने तिच्या मांडीवर जोरात चिमटा घेतला. पूनमने सूर लावला. आजीचा सूर होता तो, थोडा नाकातला, स्वच्छ.

"पोयाच्या दुसऱ्या रोजी याइच्या हाती गोटा,
भाऊ फोडे भावाचं डोस्कं, म्हने सन मोठा!
नदीपल्याडचा मानूस ज्याइले वैरी दिसे,
थे मले देस इचारते, जग त्याइले हासे!"

सौसरकडच्या दोन-चार जणी हसायला लागल्या होत्या. हसू अर्ध्यावर थांबलं. काकूने तोंडावर पदर घेतला. समोरच्या ओळीत कोणी वाटी वाजवली नाही, कोणी 'अव्वा' म्हटलं नाही.

पूनमला वाटलं, आपण जिंकलो. क्षणभर खरंच वाटलं.

मग तिने शांताबाईंचा चेहरा पाहिला. त्यात राग नव्हता. तो चेहरा कापूस वेचून झालेल्या बोंडासारखा झाला होता, कोरडा आणि उघडा.

"काय झालं?" पूनमने विचारलं.

"मुडदा बशिवला तुह्या जिभेचा," आई दातांतून म्हणाली. "योगेशचा डोया गेला वं. मागच्या पोयाले. गोटमारीत."

"कोन योगेश?"

"नवरदेवाचा भाऊ. ईनबाईचा लहाना."

बफेकडच्या पुरुषांत, खांबाला टेकून, एक तरणा पोरगा उभा होता. काळा चष्मा घातलेला. वैशाखात निम्मं वऱ्हाड काळे चष्मे घालून होतं, त्यात हा एक. पूनमने सकाळी त्याच्या हातात सरबताचा ग्लास दिला होता.

"मले कोनी सांगतलं काऊन नाही?" ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्याहून मोठा निघाला.

"तुले कायले सांगाव?" आई म्हणाली. "तू तं तिकडं."

एवढंच. आईने ते टोचायला म्हटलं नव्हतं. जसं आहे तसं म्हटलं होतं. सौसरात भाजी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं, पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरला ठाऊक होतं, खुर्च्यांमागे उड्या मारणाऱ्या पोरींनाही. या अख्ख्या मांडवात एकटी तीच होती, जिला माहीत नव्हतं. इथली कुठलीही बाई, कितीही चिडली असती, तरी आज गोट्याचं नाव तोंडात आणलं नसतं.

योगेश खांबापासून निघून दोन पावलं पुढे आला. चष्मा त्याने काढला नाही.

"गाऊ द्या तिले, आई," तो हसत म्हणाला, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "बराबर गायलं. जग हासते म्हने. जर्मनीत बी पाह्यला असन माह्या डोया. काय मॅडम, कसा वाटला? तिकिट लावलं होतं का फुकट दाखोलं?"

"मले माहीत नोहतं, खरंच माहीत—"

"तुमाले माहीत नोहतं." त्याने मान डोलावली. "हावो न. तेच तं आई मघापासून गाऊन राहिली."

पंगत उठली. कोणी उठवली नाही, बाया आपणच उठल्या. विडे तबकात तसेच राहिले. शांताबाईंनी हात धुतले आणि त्या बायकांच्या खोलीकडे गेल्या.

डिंपल शालूचा घोळ सावरत पूनमपाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच वाईट होतं.

"ताई, तुही जिरवाजिरवी झाली?"

"डिंपल, मले कोनी—"

"तू परवा इमानात बसशीन. मले आज संध्याकायी त्या घरात पाय ठेवाचा हाय. योगेशले रोज चहा मीच देईन न. तवा त्याच्याकडं कसं पाहू, थे सांग. तुह्या त्या चार भाषेत सांग."

ती गेली. भगवंतराव आले. त्यांचा फेटा सुटत आला होता. त्यांनी खोलीकडे हात दाखवला. जा. माफी माग.

खोलीत पंख्याखाली शांताबाई सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी शीतल बॅगा आवरत होती. पूनम आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि वाकून तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "माफ करा."

"उठ बाई," शांताबाई म्हणाल्या. स्वर मऊ होता. "पाव्हन्यानं पाया नाही पडाव."

"असं नका म्हनू."

"काय म्हनू मंग?"

"शिव्या द्या. गान्यातून द्या, साध्या द्या. मारा मले."

शीतलने बॅगेची चेन ओढायची थांबवली. शांताबाईंनी पूनमकडे पाहिलं, पहिल्यांदाच बराच वेळ पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला. पूनमने डोळे मिटले. ती वाट पाहत होती. त्या ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने ढकललं आणि तिला देश मिळाला होता. इथे एक थप्पड बसली असती तर घर मिळालं असतं.

"घरची पोरगी असती," शांताबाई म्हणाल्या, "तं दोन हानल्या असत्या कानाखाली. भर पंगतीत हानल्या असत्या, तुह्या मायसमोर. मंग उचलून छातीशी बी धरली असती. पाव्हन्यावर हात नाही उचलत आमी."

त्यांचा हात खाली आला तो हळदीकुंकवाच्या करंड्याकडे. त्यांनी पूनमच्या कपाळावर कुंकू टेकवलं, नेटकं, रीतीप्रमाणे. शीतलला खूण केली. शीतलने बॅगेतून ब्लाउजपीस काढला, वर नारळ ठेवला, आणि दूरच्या माणसाला निरोप देताना भरतात तशी पूनमची ओटी भरली. पूनमने पदर पसरला. न पसरून चालणार नव्हतं.

"नीट जाजो," शांताबाई म्हणाल्या. "उन्हाचं पानी पीत राह्यजो. तिकडचं तुमाले सोसत असन, इकडचं सोसत नाही." मग त्यांनी तोंड फिरवलं. "शीतल, पाव्हनीले गाडीपावतर सोडून दे वं."

शीतल तिला बाहेर घेऊन आली. फाटकापाशी वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या होत्या, सावलीला ड्रायव्हर झोपले होते. शीतलने इकडेतिकडे पाहिलं.

"तुमची कोन्ती गाडी?" तिने विचारलं.

पूनमला गाडी नव्हती. तिचं घर लॉनच्या मागच्याच गल्लीत होतं.